युरोपची सहल, मर्यादित बजेट आणि एकच लेन्स

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा १५००डी कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची लेन्स आहे. येत्या मे महिन्यात आम्ही उभयता एका सहल कंपनीबरोबर रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस आणि पुढे स्वित्झर्लंडला जाणार आहोत. आणखी एखादी लेन्स घ्यावी असे मनात आहे. मात्र २०,००० रुपयांच्या वर जाणे शक्य नाही. दुकानदार ५५-२५० मिमीची झूम सुचवतात, भाचा ५० मिमी एफ १.८ घ्या म्हणतो आणि नुकतेच युरोपला जाऊन आलेले एक स्नेही १८-४०० मिमीची एकच लेन्स घेऊन मोकळे व्हा असा सल्ला देतात. आम्ही काय घ्यावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्याला सुचवलेल्या तिन्ही लेन्स चांगल्या आहेत, पण या सहलीसाठी त्यांतली एकही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपण कॅननची ईएफ-एस १०-१८ मिमी एफ ४.५-५.६ आयएस एसटीएम ही लेन्स घ्यावी (मिमीचा आकडा जितका लहान, तितके रुंद दृश्य चौकटीत मावते). नवी मिळाली नाही किंवा परवडली नाही, तर वापरलेली घ्यावी. ती आपल्या बजेटमध्ये बसू शकेल.

नवी लेन्स घेताना बहुतेक जण दूरचे किती जवळ दिसेल एवढेच विचारतात, आणि दुकानातही तेच दाखवले जाते. आपण मात्र ज्या शहरांत जाणार आहात तिथे अडचण नेमकी उलटी येते. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिसचे जुने भाग दाटीवाटीने वसलेले आहेत, इमारती प्रचंड आहेत आणि त्यांच्यासमोरची जागा त्या मानाने फार थोडी आहे. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलसमोर अगदी जवळच बॅप्टिस्टरीची, म्हणजे बाप्तिस्मा देण्याची, अष्टकोनी इमारत उभी आहे आणि व्हेनिसमधल्या कित्येक गल्ल्यांतून दोन माणसे जेमतेम शेजारून जातात. अशा ठिकाणी चौकटीत मावत नाही म्हणून मागे सरकावे, तर मागे भिंत असते.

एक हिशेब करून पाहू. रोममधले त्रेवीचे कारंजे एका राजवाड्याच्या भिंतीला लागून उभारलेले आहे. त्याची रुंदी सुमारे ४९ मीटर आणि उंची सुमारे २६ मीटर आहे. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग, २२.३ मिमी रुंद आहे. त्यामुळे १८ मिमीवर ही पूर्ण रुंदी आडव्या फोटोत घ्यायची, तर सुमारे ४० मीटर मागे उभे राहावे लागते. १० मिमीवर हेच अंतर २२ मीटरांवर येते. तो चौक लहान आहे आणि कठड्याभोवती दिवसभर माणसांची दाटी असते. म्हणून ४० मीटरांवरून फोटो घ्यायचा म्हणजे कारंजे आणि आपण यांच्यामध्ये सगळी गर्दी घेणे आले. कोनाच्या भाषेत सांगायचे, तर १८ मिमीवर आडवे सुमारे ६४ अंश दिसतात आणि १० मिमीवर सुमारे ९६ अंश. आकड्यांत हा फरक केवळ आठ मिलिमीटरांचा असल्यामुळे दुकानात तो क्षुल्लक वाटतो, प्रत्यक्षात मात्र चौकटीत मावणारे दृश्य जवळजवळ पावणेदोनपट रुंद होते.

आता भाच्याच्या सूचनेकडे वळतो, कारण तिच्यामागे विचार आहे. चर्चच्या आत अंधार असतो, तिथे एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) उपयोगी पडेल असे त्यांना वाटत असावे. एफ ४.५ च्या तुलनेत एफ १.८ वर सहापट प्रकाश आत येतो हे खरेच आहे. परंतु १५००डीच्या लहान सेन्सरवर ५० मिमीची लेन्स मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरवरच्या ८० मिमीसारखी वागते, म्हणजे चर्चमधला एखादा पुतळा किंवा खिडकीची काच तिच्यात येईल, सभागृह येणार नाही. शिवाय या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप भरून काढणारी सोय, नाही आणि आपल्या कॅमेऱ्याच्या बॉडीतही ते नाही. त्यामुळे हात हलून फोटो पुसट येऊ नये यासाठी शटरचा वेग १/८० सेकंदाहून मंद ठेवणे धोक्याचे ठरते. त्याच उजेडात, त्याच आयएसओवर (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेवर), १०-१८ लेन्सला एफ ४.५ वर सुमारे १/१३ सेकंद लागेल. इतक्या वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सवर हाताचा कंप मुळातच कमी जाणवतो आणि तिच्यात स्टॅबिलायझेशनही आहे. म्हणून १/१३ काय, श्वास रोखून आणि कोपरे अंगाशी धरून १/४ सेकंदातही स्थिर फोटो मिळू शकतो. चर्चचे घुमट आणि खांब हलत नाहीत, त्यामुळे तिथे वेगवान शटरची गरजच नसते. ५० मिमी एफ १.८ चे खरे काम हलत्या माणसांचे आणि व्यक्तिचित्रांचे. घरातल्या समारंभांसाठी ती पुढे कधीतरी जरूर घ्या. तिच्या किमतीत तशी दुसरी लेन्स मिळणे कठीण आहे.

५५-२५० बद्दलही हेच म्हणेन. भिगवणला रोहित पाहायला किंवा ताडोबाला जायचे असते, तर मी याच लेन्सचे नाव सर्वांत आधी घेतले असते. इटलीत तिची गरज क्वचित पडेल, आणि पडलीच तर आपल्या कॅमेऱ्याचे २४ मेगापिक्सेल मदतीला येतील : ५५ मिमीवर काढलेल्या फोटोची मधली निम्मी रुंदी आणि निम्मी उंची कापून घेतली, तरी सुमारे ६ मेगापिक्सेल उरतात, आणि १२ बाय ८ इंचांच्या छापील प्रतीला तेवढे पुरेसे होतात. १८-४०० ही लेन्स बजेटच्या बरीच बाहेर आहे, तिचे वजन ७०० ग्रॅमच्या वर आहे आणि तिची सुरुवातही १८ मिमीपासूनच होते. म्हणजे आपली मुख्य अडचण ती सोडवत नाही. आपले स्नेही तिच्यावर खूश असतील यात शंका नाही, कारण लेन्स न बदलण्याची सोय फार मोठी असते. १०-१८ घेतल्यावर ही सोय आपल्याला मिळणार नाही, हे आधीच लक्षात घ्या. सहल कंपनीच्या गटात प्रत्येक ठिकाणी वेळ मोजका असतो आणि चालता चालता लेन्स बदलण्यात ती हातातून पडण्याची व सेन्सरवर धूळ बसण्याची भीती असते. यावर माझा उपाय असा : सकाळी बसमध्ये बसण्यापूर्वीच त्या दिवसाची लेन्स ठरवून टाकावी. रोम आणि फ्लॉरेन्सच्या दिवशी १०-१८ लावून निघावे, स्वित्झर्लंडमध्ये १८-५५ लावावी.

स्वित्झर्लंडचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण तिथे बहुतेकांची निराशा होते. वाइड लेन्समध्ये जवळचे मोठे आणि दूरचे फार लहान दिसते. ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोख या खिंडीत उभे राहून १० मिमीवर फोटो काढला, तर डोळ्यांना भव्य वाटलेली शिखरे फोटोत पांढऱ्या रेघेएवढी उरतात. तिथे किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५, ५५ मिमीवर न्यावी, म्हणजे शिखरांना त्यांचा आकार परत मिळतो. जी किट लेन्स कमी प्रतीची समजून बाजूला ठेवली जाते, तीच डोंगरांत उपयोगी पडेल.

१०-१८ चे दोषही सांगायला हवेत. कॅमेरा वर रोखला की इमारती मागे कलल्यासारख्या दिसतात. म्हणून शक्य तितका तो सरळ, क्षितिजाला समांतर धरावा, फोटो उभा घ्यावा आणि खालची जास्तीची फरसबंदी घरी आल्यावर कापावी. पिसाच्या मनोऱ्यापाशी तर ही काळजी घेतलीच पाहिजे, नाहीतर मनोरा किती कलला आहे आणि लेन्सने किती कलवला आहे हे कळेनासे होते. दुसरे असे, की चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे आणि हात ताणलेले दिसतात. आपल्या दोघांचे फोटो या लेन्सने काढायचेच असतील, तर १८ मिमीवर आणून, चेहरे मध्याजवळ ठेवून काढावेत.

वजनाचे म्हणाल, तर ही लेन्स २४० ग्रॅमची आहे; कॅमेरा आणि किट लेन्स धरून सगळे मिळून एक किलोच्या आत राहते. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि तिथे लिफ्ट नाही, एवढे सांगितले तरी वजनाला मी इतके महत्त्व का देतो ते लक्षात येईल. ट्रायपॉड नेऊ नका. व्हॅटिकनच्या संग्रहालयांत आणि फ्लॉरेन्सच्या उफिझी कलासंग्रहालयात तो वापरू देत नाहीत. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेल या प्रार्थनागृहात फोटो काढायलाच मनाई आहे, तिथे कॅमेरा बंद करून छतावरची चित्रे पाहत राहावे.

आपल्या मोबाइलमध्ये अल्ट्रा-वाइड कॅमेरा असेल, तर पैसे खर्च करण्याआधी त्याची एक परीक्षा जरूर घ्या. एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीत किंवा जिथे फोटोला परवानगी आहे अशा देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी फोटो काढा आणि मोबाइलवर नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहा. उन्हातले फोटो बहुधा उत्तम येतील. अंधारातल्या फोटोंत कोपरे पुसट आणि दगडाचा पोत नाहीसा झालेला दिसण्याची शक्यता अधिक. जे दिसेल त्यावर आपले समाधान झाले, तर लेन्स न घेता ते २०,००० रुपये सहलीत खर्च करावेत, असेच मी सांगेन.

प्रश्न : वापरलेली लेन्स घ्यायची ठरवली आहे. मुंबईत कुठे पाहावी आणि घेताना काय तपासावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : फोर्ट भागातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत, तिथे स्वतःचा कॅमेरा बरोबर घेऊन जावे आणि लेन्स त्यावर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सर्वांत आधी बुरशी पाहा. आपल्याकडच्या, विशेषतः कोकणातल्या पावसाळी हवेत कपाटात बंद राहिलेल्या लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरते. लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च लावून दुसऱ्या बाजूने तिरके पाहिले, की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसतात. असे तंतू दिसले, तर किंमत कितीही कमी असो, लेन्स परत ठेवावी. धुळीचे दोन-चार कण मात्र मनावर घेऊ नयेत. त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही.

त्यानंतर विटांची भिंत किंवा भिंतीवर सपाट चिकटवलेले वर्तमानपत्र समोर ठेवून, कॅमेरा त्याला समांतर धरून, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, पूर्ण उघडून फोटो काढावा. चारही कोपरे सारखेच थोडे पुसट असतील तर हरकत नाही, पण एकच कोपरा किंवा एकच बाजू पुसट असेल, तर लेन्स कधीतरी पडलेली असून आतली काच सरकली आहे असे समजावे. माउंटजवळच्या (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याजवळच्या) स्क्रूंवर ओरखडे असणे म्हणजे ती उघडली गेल्याची खूण. झूमची रिंग मध्ये कुठे अडकते का आणि ऑटोफोकस दर वेळी एकाच जागी थांबतो का, हेही पाहावे.

एक चूक मात्र अतिशय सोपी आहे आणि तिची किंमत मोठी आहे. कॅननने २०१८ मध्ये आरएफ हा नवा माउंट आणला आणि २०२३ मध्ये त्या माउंटसाठी १०-१८ मिमीचीच आरएफ-एस लेन्स बाजारात आणली. नाव जवळजवळ तेच असले, तरी ती १५००डीसारख्या जुन्या डीएसएलआरवर कोणत्याही अडॅप्टरने बसत नाही. म्हणून लेन्सवर ‘ईएफ-एस’ ही अक्षरे आणि माउंटपाशी पांढरा चौकोन आहे याची खात्री करून घ्यावी. उलट दिशेने मात्र अडचण नाही : उद्या आपण नवा आरएफ कॅमेरा घेतलात, तरी आजची ईएफ-एस लेन्स कॅननच्या अडॅप्टरने त्याच्यावर चालेल.

प्रश्न : लेन्स इटलीतच घेतली, तर कर परत मिळून स्वस्त पडेल ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तसा विचार न केलेला बरा. इटलीत व्हॅटचा दर २२ टक्के आहे आणि पर्यटकांना तो परत मागता येतो हे खरे, पण मध्यस्थ कंपनीचे शुल्क वजा होऊन हाती येणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते, शिवाय युरोपीय संघातून बाहेर पडताना कस्टमची मंजुरी घेण्यासाठी वेळ काढावा लागतो. आपण त्या दिवशी सहल कंपनीच्या बसने स्वित्झर्लंडची सरहद्द ओलांडत असाल, तर ती मंजुरी तिथेच घ्यावी लागेल आणि त्यासाठी सगळी बस थांबवावी लागेल. याहून महत्त्वाचे म्हणजे नव्या लेन्सचा सराव घरीच, निदान महिनाभर आधी व्हायला हवा.

इथून महागडी उपकरणे घेऊन जात असाल, तर निघताना विमानतळावरच्या कस्टम कक्षातून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावे, म्हणजे परत येताना ती परदेशात विकत घेतली आहेत असा संशय येऊन शुल्काचा प्रश्न उद्भवत नाही. त्यावर कॅमेरा आणि लेन्स यांचे सीरियल नंबर लिहिले जातात, म्हणून ते आधीच कागदावर उतरवून ठेवावेत. बिलांच्या प्रतीही जवळ असाव्यात आणि या कामासाठी विमानतळावर तासभर लवकर पोहोचावे. जादा बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. त्या टोपण लावून हातातल्या बॅगेतच न्याव्यात.