एनर्जी ऑडिट झाले, पण वीजबिल उतरले का?

कारखान्यांतील ऊर्जा परीक्षणाविषयी (एनर्जी ऑडिट, म्हणजे ऊर्जा कोठे वाया जाते याची तपासणी) गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. मराठवाड्याच्या बहुतेक जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न थोडक्यात आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : वाळूज औद्योगिक वसाहतीत आमचा वाहनांचे सुटे भाग तयार करणारा कारखाना आहे. गेल्या वर्षी आम्ही एनर्जी ऑडिट करून घेतले आणि सांगितलेल्या सुधारणांपैकी निम्म्याहून अधिक केल्याही. तरीही वीजबिल पूर्वीपेक्षा वाढलेच आहे. भागीदार म्हणतात, पैसे पाण्यात गेले. त्यांना काय सांगावे?

उत्तर : आपल्या भागीदारांना बिलाची रक्कम नव्हे, तर उत्पादनाशी जोडलेला वीजवापर दाखवावा. बिल तीन कारणांनी वाढते. दर वाढतो, उत्पादन वाढते किंवा वीज वाया जाते. परीक्षणाचा संबंध फक्त तिसऱ्या कारणाशी असतो आणि रकमेच्या एका आकड्यात ही तिन्ही कारणे मिसळलेली असतात.

गेल्या दोन वर्षांचे महिनावार युनिट आणि त्या त्या महिन्याचे टनांतील उत्पादन आलेखाच्या कागदावर मांडून पाहावे. समजा, 100 टनांच्या महिन्यात 70,000 युनिट लागले आणि 60 टनांच्या महिन्यात 54,000. म्हणजे 40 टनांच्या फरकाला 16,000 युनिट, अर्थात टनामागे 400 युनिट पडले. या हिशेबाने 60 टनांना 24,000 युनिट पुरायला हवे होते. उरलेले 30,000 युनिट उत्पादन होवो वा न होवो, दर महिन्याला लागतातच. दिवे, पंखे, रिकामा फिरणारा कॉम्प्रेसर, गरज नसताना चालू राहिलेला कूलिंग टॉवरचा पंप, हे सारे त्यात येते. माझ्या मते परीक्षकाने सर्वांत आधी हात घालावा तो या स्थिर वापराला, कारण तो कमी करताना उत्पादनाला धक्का लागत नाही आणि खर्चही बहुधा किरकोळ असतो.

आता सुधारणा झाल्यानंतरचा महिना घ्या. उत्पादन 120 टन झाले आणि वापर 74,000 युनिट आला, तर बिलावर 4,000 युनिट वाढलेले दिसतील. जुन्या पद्धतीने चालवले असते तर मात्र 78,000 युनिट लागले असते. म्हणजे बचत 4,000 युनिटांची झाली, आणि भागीदारांपुढे ठेवण्याचा आकडा हाच आहे. ज्या अहवालात सुधारणेपूर्वीची अशी आधाररेषा आखलेली नसते, तो अहवाल कितीही जाडजूड असला तरी बचत सिद्ध करू शकत नाही. पुढच्या वेळी काम देताना ही अट करारातच लिहून घ्यावी.

बिलाच्या मांडणीविषयीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल 2020 पासून केव्हीएएच या एककावर होते, म्हणजे केवळ कामी आलेल्या नव्हे, तर कारखान्याने खेचलेल्या एकूण विजेवर. 70,000 युनिटांचा वापर 0.92 पॉवर फॅक्टरला (खेचलेल्या विजेपैकी कामी आलेल्या विजेचे प्रमाण) सुमारे 76,000 केव्हीएएच भरतो आणि 0.99 ला सुमारे 70,700. त्यामुळे पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर पॅनेल नादुरुस्त असेल, तर मशीनवर केलेली बचत बिलात बुडून जाते. रात्री भार उतरल्यावर कपॅसिटर तसेच जोडलेले राहिले, तरी उलट्या बाजूने तोच तोटा होतो, म्हणून पॅनेल स्वयंचलित असावे. दुसरी गोष्ट मागणी आकाराची, म्हणजे एका वेळी खेचलेल्या कमाल भारावरील आकाराची. प्रत्यक्ष मागणी कमी झाली, तरी मागील महिन्यांतील कमाल मागणी आणि करार मागणी (महावितरणशी ठरवून घेतलेला कमाल भार) यांच्या ठरावीक टक्क्यांखाली बिलाची मागणी उतरत नाही. बचत टिकते आहे याची काही महिन्यांत खात्री पटली, की महावितरणकडे करार मागणी कमी करण्याचा अर्ज करावा. हे काम बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : जालन्याच्या एका स्टील कारखान्यात मी इंडक्शन फर्नेसवर (विजेवर चालणाऱ्या वितळभट्टीवर) शिफ्ट इन्चार्ज आहे. आमच्याकडे टनामागे 640 युनिट पडतात. परीक्षकांनी नवी भट्टी घेण्याचा सल्ला दिला आहे. त्याखेरीज काही मार्ग नाही का?

उत्तर : आहे, आणि तो आपल्याच हीट रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक वितळणीच्या (हीटच्या) नोंदवहीत आहे. थंड पोलाद वितळवून 1,600 अंशांपर्यंत नेण्यास भौतिकशास्त्राच्या हिशेबाने टनामागे सुमारे 380 ते 400 युनिट पुरतात. त्यावरची वीज कॉइल थंड करणाऱ्या पाण्यातून, भट्टीच्या भिंतीतून आणि उघड्या तोंडातून निघून जाते. यांपैकी कॉइल आणि पॉवर सप्लाय यांतील हानी भट्टीच्या रचनेतच असते. ती कमी करायची तर नवी भट्टीच लागेल, तेवढ्यापुरते परीक्षकांचे म्हणणे खरे आहे. बाकीचा भाग मात्र शिफ्टच्या हातात असतो.

वितळलेल्या पोलादाच्या उघड्या पृष्ठभागातून त्या तापमानाला दर चौरस मीटरमागे काही शे किलोवॅट उष्णता बाहेर पडत असते. भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या कामगाराला हे आकड्यांवाचून कळते. झाकण असते, पण स्क्रॅप टाकताना अडचण होते म्हणून ते कोपऱ्यात पडून राहते, ही स्थिती अनेक ठिकाणी आहे. दुसरे कारण थांबण्याचे. हीट तयार आहे, पण लेडल (वितळलेले पोलाद नेण्याचे भांडे) तापलेली नाही, कास्टर (ते ओतून बिलेट घडवणारे यंत्र) मोकळा नाही किंवा नमुन्याचा निकाल प्रयोगशाळेतून आलेला नाही. तेवढा वेळ तापमान टिकवण्यापुरती वीज ओतावी लागते आणि उत्पादनात एका किलोचीही भर पडत नाही. तिसरे कारण गंजलेल्या, मातीमिश्रित स्क्रॅपचे. ती माती आणि तो गंज वितळवण्यासाठीही आपण वीज मोजतो आणि शेवटी स्लॅग (मळी) म्हणून बाहेर काढतो.

महिनाभर प्रत्येक हीटसमोर चार नोंदी कराव्यात: चार्ज (स्क्रॅप) टाकण्यास लागलेला वेळ, ओतण्यापूर्वी थांबलेली मिनिटे, ओततानाचे तापमान आणि लागलेले युनिट. त्याच भट्टीच्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट हीटमधील फरक पाहावा. जो आकडा आपल्याच भट्टीने एकदा दिला आहे, तो रोज मिळवणे हे पहिले उद्दिष्ट असावे. रोलिंग मिल आवारातच असेल, तर कास्टरमधून निघालेले लालभडक बिलेट (पोलादाचे लांब ठोकळे) थंड न होऊ देता थेट मिलकडे नेण्याची सोय करता येते का, हेही मालकांना विचारावे. त्यामुळे पुन्हा तापवण्याच्या भट्टीचे इंधन फार मोठ्या प्रमाणात वाचते. नव्या भट्टीचा विचार ही आकडेवारी हाती आल्यावर करावा.

प्रश्न : शेंद्रा येथील कारखान्यात मी देखभाल विभागात काम करते. हवेच्या लाइनमध्ये गळती आहे हे सर्वांना माहीत आहे, पण किती आहे हे मोजण्याचे साधन आमच्याकडे नाही.

उत्तर : एक घड्याळ पुरेल. आठवडी सुट्टीच्या दिवशी, हवा वापरणारे एकही मशीन चालू नसताना, कॉम्प्रेसर सुरू करावा. तो किती वेळ लोडवर राहतो (हवा दाबतो) आणि किती वेळ अनलोड होतो (नुसता फिरतो), हे आठ-दहा फेऱ्या मोजावे. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागले, की कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या किती टक्के हवा गळते ते कळते. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटे अनलोड असेल, तर गळती 25 टक्के झाली. 7 बार दाबाला सुमारे 3 मिलिमीटरचे एक छिद्र जवळपास 3 किलोवॅट खाते, म्हणजे दिवसरात्र चालणाऱ्या कारखान्यात रोजचे 72 युनिट. साबणाचे पाणी घेऊन जोड, होजपाइप आणि एफआरएल (हवा गाळणारा, दाब राखणारा व तेल देणारा संच) तपासावेत, आणि सापडलेल्या जागी रंगीत टॅग बांधावा. टॅग न बांधल्यास दुरुस्ती राहून जाते.

गळती बंद झाल्यावर दाबही उतरवून पाहावा. 1 बार दाब कमी केल्यास कॉम्प्रेसरची वीज साधारण 6 ते 7 टक्क्यांनी घटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी आणखी एक सूचना. आत येणारी हवा 4 अंशांनी तापली, की तेवढ्याच हवेसाठी सुमारे 1 टक्का जास्त वीज लागते. मे महिन्यात पत्र्याच्या बंद खोलीतली हवा बाहेरच्या सावलीतल्या हवेपेक्षा कितीतरी तापलेली असते, म्हणून हवा उत्तरेकडच्या सावलीतून डक्टने घ्यावी.

प्रश्न : लातूरला आमची डाळ मिल आहे. जुन्या मोटारी जळाल्या की आम्ही भरून (नव्याने वाइंडिंग करून) आणतो. नव्या, अधिक कार्यक्षम अशा आयई-3 मोटारी घेणे परवडेल का?

उत्तर : मोटारीच्या किमतीपेक्षा ती किती तास चालते, ते आधी पाहावे. 15 किलोवॅटची मोटार पूर्ण भारावर वर्षाला 6,000 तास चालली, तर सुमारे 1 लाख युनिट घेते, आणि त्या विजेच्या रकमेपुढे मोटारीची किंमत अगदी लहान ठरते. अशी मोटार दोन-तीनदा भरली गेली असेल तर बदलावी. हंगामापुरते काही तास चालणारी मोटार मात्र भरून वापरण्यात चूक नाही. भार 40 टक्क्यांच्या खाली असेल, तर मोटार कायम स्टारमध्ये (वाइंडिंगला कमी व्होल्टेज मिळणाऱ्या जोडणीत) जोडण्याचा बिनखर्ची उपाय सांगितला जातो, पण त्यात टॉर्क (फिरवण्याची ताकद) एक तृतीयांशावर येतो. धान्याने भरलेले एलिव्हेटर त्या जोडणीत सुरूच होणार नाही, म्हणून तेथे तो करू नये.

भांडवलासाठी केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये सुरू केलेल्या ‘अदिती’ योजनेची चौकशी करावी. निवडक क्षेत्रांतील सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात 5 टक्के आणि मध्यम उद्योगांना 3 टक्के सवलत त्यात आहे. परीक्षण आणि सुधारणेनंतरची मोजणी हे दोन्ही त्या योजनेचेच भाग आहेत.

प्रश्न : मी नांदेडला अभियांत्रिकी शिकतो. ऊर्जा परीक्षक होण्यासाठी काय करावे?

उत्तर : ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 नुसार स्थापन झालेली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही संस्था राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा घेते. ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन आणि ऊर्जा परीक्षकासाठी चार प्रश्नपत्रिका असतात. पात्रतेसाठी अनुभव लागतो, म्हणून पदवीनंतरची पहिली काही वर्षे बॉयलर, भट्टी किंवा कॉम्प्रेसर हाताळायला मिळेल अशा नोकरीत घालवावीत. क्लॅम्प मीटर आणि ज्वलनवायू विश्लेषक ही दोन साधने तेथेच नीट वापरायला शिकावे.