दुखणं असं मिरवायचं का?

प्रश्न : नमस्कार ताई. मी मूळची सांगलीची. मिस्टर गेल्यापासून कॅनडात मिसिसागाला मुलाकडे असते. मिस्टरांना अन्ननलिकेचा कर्करोग होता. उपचारांसाठी आम्ही परळला राहिलो होतो, ते दिवस आठवले की आजही घास उतरत नाही. इथे सप्टेंबर आला की कर्करोगाच्या निधीसाठी लोक चालतात, धावतात. नातू शाळेतून येऊन दोन डॉलरचं नाणं मागतो. सून यंदा नाव देणार आहे आणि मलाही म्हणते, "आई, बाबांसाठी चालूया." गेल्या वर्षी मी कडेला उभी राहून पाहिलं. रंगीत टोप्या, मोठ्याने गाणी, फोटो, हसणं-खिदळणं. मला ते सोसवलं नाही. घरातलं माणूस गेलेल्यांनी असं नाचायचं? शिवाय ओळखीच्यांना मेसेज करून पैसे मागायचे, हे तर मला हात पसरणंच वाटतं. आमच्या घरी या हाताने दिलेलं त्या हाताला कळू देत नसत. पैसे द्यायचेच तर हॉस्पिटलला थेट द्यावेत, त्यासाठी चालायचं कशाला? मुलगा म्हणतो, तू जुन्या विचारांची आहेस. माझं खरंच चुकतंय का?
– एक वाचक, मिसिसागा

उत्तर : ताई, तुमचं काहीही चुकत नाही, आणि यात जुन्या विचारांचा संबंध नाही. तुम्हाला जे खटकलं ते अमेरिकेतल्या, स्वतः हा आजार भोगलेल्या बायकांनाही खटकलेलं आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी तिथे साठ मैलांचं, तीन दिवसांचं चालणं होतं. त्यात भाग घ्यायचा तर आधी किमान २३०० डॉलर जमवावे लागत. या आजाराची खूण म्हणून वापरला जाणारा गुलाबी रंग इतका पसरला की २०१० साली तळलेलं चिकनसुद्धा गुलाबी बादल्यांतून विकलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन' या संस्थेने २००२ पासूनच लोकांना सांगायला सुरुवात केली होती की गुलाबी वस्तू घेण्याआधी विचारा, यातले किती पैसे जातात आणि कुठे जातात. केमोने तोंड सोलवटलेल्या बाईकडून हसऱ्या फोटोची अपेक्षा ठेवायची, ही सक्ती त्यांना नको होती. मलाही ती मान्य नाही. आजारी माणसावर किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांवर हसरं राहण्याचं कोणतंही कर्ज नसतं.

पण तुमचा नातू ज्याच्यासाठी नाणं मागतो, त्या मुलाची गोष्ट तुम्हाला कुणी नीट सांगितली आहे का? टेरी फॉक्स. १९७७ साली, अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. हॉस्पिटलात शेजारच्या खाटांवरची मुलं त्याने पाहिली आणि ती त्याच्या मनातून गेली नाहीत. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवत अख्खा कॅनडा धावत पार करायला तो निघाला. रोज साधारण ४२ किलोमीटर, एका पायावर आणि त्या काळच्या जड कृत्रिम पायावर. सुरुवातीला बघायला फारसं कुणी नव्हतं. मग पोर्ट ओ बास्क या दहाएक हजार वस्तीच्या गावाने दहा हजारांहून जास्त डॉलर जमवून दिले, आणि कॅनडातल्या प्रत्येक माणसाने एक डॉलर द्यावा ही त्याची मागणी तिथून पुढे आली. १४३ दिवस आणि ५३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबरला थंडर बे गावाजवळ तो थांबला. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. २८ जून १९८१ रोजी तो गेला. तेवीस वर्षं पूर्ण व्हायला महिना उरला होता. त्याआधी फेब्रुवारीतच निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या पुढे गेला होता. कॅनडाची लोकसंख्याही तेव्हा साधारण तेवढीच होती, म्हणजे त्याने मागितलं होतं ते त्याला मिळालेलं पाहता आलं.

सप्टेंबरात त्याच्या नावाने चालणाऱ्यांसाठी जे नियम आहेत ते मला फार मोलाचे वाटतात. नाव नोंदवायला फी नाही. अमुक इतके जमवाच अशी अट नाही. शर्यत नाही, बक्षीस नाही. कोणत्याही कंपनीचं नाव झळकत नाही, कारण स्वतः टेरीने आपल्या धावण्यावर कुणाची जाहिरात होऊ दिली नव्हती. तुम्ही मिरवण्याबद्दल जो आक्षेप घेता, तो त्या मुलाने विशीत असतानाच घेतला होता. सगळे वॉक एका मापाने मोजू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता पैसे मागण्याबद्दल. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना आपण पहिलं काय विचारतो? पावतीपुस्तक कुठाय? इथेही तेच करावं, आणि न लाजता. पैसे कोणत्या संस्थेकडे जाणार, टी-शर्ट, मंडप, जाहिरात यांत किती जाणार, गेल्या वर्षीच्या पैशांतून काय झालं, हे विचारलं तर कुणी रागावू नये. जो रागावेल त्याला देऊ नये. कॅनडात नोंदणीकृत संस्थेचा वार्षिक हिशेब कर खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. सुनेला सांगा, ती दहा मिनिटांत काढून दाखवेल. इकडे महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि करसवलतीची पावती, एवढं तरी बघावंच.

चालण्याने आजार बरा होत नाही, हे खरं आहे. थेट दिलेला रुपया पूर्ण पोचतो, हेही खरं. पण थेट देणारे थोडे असतात. ओळखीचं माणूस उन्हात चार-पाच किलोमीटर चालणार आहे म्हटल्यावर, ज्याने एरवी कधी खिशात हात घातला नसता तोही दहा डॉलर देतो. तो त्या माणसाकडे बघून देतो. यात मागणाऱ्याचा कमीपणा मला दिसत नाही, कारण तो स्वतःसाठी मागत नाही.

शिवाय तुमच्या मनात पैशांची जी जागा आहे, ती परळची आहे, हे मी ओळखते. मी मुंबईत कर्करोगाच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी समाजसेविका म्हणून काम केलं. फाइलींची पिशवी उशाला घेऊन फुटपाथवर झोपलेली माणसं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का म्हणून विचारणारे बाप, सगळं डोळ्यांसमोर आहे. तिथे पैसा म्हणजे उद्याचं इंजेक्शन, दोन वेळचं जेवण, गावाकडचं तिकीट. म्हणून आपल्याला "संशोधनासाठी" हा शब्द हवेतला वाटतो. तुमच्या ऑन्टारियो प्रांतात हॉस्पिटलचा आणि डॉक्टरांचा खर्च मुख्यतः सरकारी विमा उचलतो, त्यामुळे लोकांनी जमवलेला पैसा प्रयोगशाळांकडे वळवता येतो. आणि संशोधन परळला पोचत नाही असंही नाही. परळच्याच टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनांची तपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, महागडं औषध नाही. या अभ्यासाला पैसे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने दिले होते. टेरीला झालेल्या हाडाच्या कर्करोगातही आज पुष्कळ मुलांचा पाय वाचवता येतो.

गुप्तदानाबद्दल मला आदर आहे. दान गुप्त राहावं. आजार मात्र गुप्त राहू नये. माझ्या खोलीत येऊन किती नातेवाइकांनी हळू आवाजात सांगितलं असेल, "मॅडम, गावाला कळू देऊ नका, धाकटीचं लग्न ठरायचंय." विदर्भातून आलेली एक बाई मला अजून आठवते. छातीतली गाठ दुखत नव्हती म्हणून, आणि दीर-जावांत चर्चा नको म्हणून, जखम होऊन वास येईपर्यंत तिने पदराखाली झाकून ठेवली होती. रस्त्यावर हजार माणसं या आजाराचं नाव पाठीवर लावून चालताना तिने एकदा तरी पाहिली असती तर ती लवकर आली असती का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण इतकं झाकणं मी पाहिलंय की उघडपणे चालणाऱ्यांविषयी मला मनापासून माया वाटते, त्यांच्या टोप्या कितीही रंगीत असल्या तरी.

आणि ताई, त्या हसणाऱ्यांमध्ये कोण कोण असतं हे कडेवरून कळत नाही. केमो संपवून आलेली माणसं असतात. तुमच्यासारख्याही असतात.

तरीही यंदा मन होत नसेल तर जाऊ नका आणि कुणाला कारण देत बसू नका. तुम्हाला शांत जागा हवी असेल तर कॅनडात 'रिले फॉर लाइफ' नावाचा दुसरा एक उपक्रम होतो. १९८५ साली अमेरिकेत टकोमा गावातल्या एका सर्जनने चोवीस तास धावून-चालून ८३ मैल पुरे केले, तिथून तो सुरू झाला. त्यात अंधार पडल्यावर गेलेल्यांच्या नावाचे दिवे मार्गाच्या कडेला ठेवतात आणि लोक गप्प चालतात. तिथे रडणाऱ्याला कुणी हसायला सांगत नाही.

सप्टेंबरात गेलातच तर अंतराची चिंता नको, गुडघे ऐकतील तितकं चाला आणि परत फिरा. मेसेज पाठवण्याचं काम सुनेवर सोडा. तुमची रक्कम नाव न देता भरा. तेवढीच रक्कम सांगली-मिरजेच्या बाजूच्या एखाद्या गरजू रुग्णाच्या तिकिटासाठी आणि राहण्यासाठी पाठवायची असेल तर मला कळवा. पावती देणाऱ्या, मी स्वतः पाहिलेल्या संस्थांची नावं मी तुम्हाला पत्राने पाठवीन. आणि नातवाला दोन डॉलर देताना आजोबांना काय झालं होतं ते सांगा. त्याला कळण्याइतका तो मोठा झालाय.