नाट्यमहोत्सवात डार्क कॉमेडी करताना विनोदांची धार कमी करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : महोत्सवात तासाभराची डार्क कॉमेडी करायची आहे, घरात मेलेला माणूस आणि त्याच्याभोवती चाललेली पैशांची खटपट असा विषय आहे. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना वाटतंय की प्रेक्षक उठून जातील. तेव्हा संहितेतले जहाल विनोद काढावेत का, आणि हे बसवायचं कसं?

काढू नका. निदान तालमीत उभं करून बघितल्याशिवाय तरी नको. वाचनाला जो विनोद भयंकर वाटतो तो रंगमंचावर बहुतेक वेळा सहज निभावून जातो, आणि माती होते ती भलत्याच ठिकाणी. अशी नाटकं बसवून आणि विंगेतून बघून माझं मत असं झालंय की प्रेक्षक विषयामुळे जेवढा दुखावतो त्याहून जास्त चुकलेल्या वेळेमुळे दुखावतो. माणूस आधी हसतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण कशाला हसलो. या दोन क्षणांत किती अंतर ठेवायचं हे दिग्दर्शकाच्या हातात असतं. अंतर ठेवलंच नाही तर हसू येत नाही, नुसती किळस येते. फार ताणलं तर साधं प्रहसन होतं. फ्रेंच तत्त्ववेत्ता आंरी बर्गसाँ याने १९०० साली हसण्यावर लिहिताना म्हटलं होतं की हसायचं तर काळजाला क्षणभर भूल द्यावी लागते. डार्क कॉमेडीवाल्याला ती द्यावीही लागते आणि ऐन वेळी उतरवावीही लागते.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. आमच्या नाटकात दोन भाऊ आहेत. वडील खुर्चीत बसल्या बसल्या गेलेत. सगळे व्यवहार त्यांच्या फोनमध्ये, आणि फोन उघडतो त्यांच्या बोटाने. धाकटा ते बोट फोनवर टेकवतो. फोन घेत नाही. पुन्हा टेकवतो, पुन्हा नाही. थोरला वैतागून म्हणतो, "गार पडलंय ते. चोळ जरा." इथे हशा हमखास. धाकटा ते बोट दोन्ही तळव्यांत धरून चोळतो, तोंडाची वाफ देतो, सदऱ्याला पुसतो, परत चोळतो. हशा वाढत जातो, कारण आता ते एक काम झालंय, मन लावून चाललेलं काम. मग चोळण्याचा वेग हळूहळू कमी होतो. बस, एवढंच. वडिलांचा हात आपल्या हातात आहे आणि तो आपण कित्येक वर्षांत धरलेला नाही, हे वाक्य कुणीही बोलत नाही. पुढच्या रांगा गप्प होतात. मागे कुणीतरी अजून हसत असतं आणि त्याला एकट्याला स्वतःचं हसू ऐकू येतं. नेमक्या त्या वेळी थोरला विचारतो, "झालं का गरम?"

तालमीत तो नट तिथे डोळ्यांत पाणी आणायचा. सुरेख आणायचा, पण प्रसंग जागच्या जागी मरायचा. प्रेक्षकाला आयती सूचना मिळायची की आता वाईट वाटून घ्या, आणि सूचना मिळाली की प्रेक्षक मोकळा होतो. मग त्याला सांगितलं, तुझं काम फक्त फोन उघडणं. वेग कमी होतो कारण तळवे दुखतात. भावना वगैरे विसर. तेव्हापासून तो प्रसंग उभा राहिला.

सगळ्यात महत्त्वाचं हेच : आपण विनोदी नाटकात आहोत हे पात्रांना माहीत असता कामा नये. ब्रिटिश नाटककार जो ऑर्टन याच्या 'लूट'चं उदाहरण इथे चपखल बसतं. त्यात शवपेटीतून आईचं प्रेत बाहेर काढून चोरीचे पैसे आत लपवतात. १९६५ साली हे नाटक पहिल्यांदा दौऱ्यावर गेलं तेव्हा सपशेल पडलं. तो प्रयोग देखणा होता, काळ्या-पांढऱ्या नेपथ्याचा, शैलीदार. मग ऑर्टनने संहिता पुन्हा हातात घेतली आणि १९६६ मध्ये लंडनला दुसऱ्या दिग्दर्शकाने ती केली, तेव्हा तिने त्या वर्षीचं 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या वृत्तपत्राचं सर्वोत्कृष्ट नाटकाचं पारितोषिक मिळवलं. संहितेत फेरफार झालेच होते, त्यामुळे सगळं श्रेय सादरीकरणाला देता येणार नाही. पण ऑर्टनचा स्वतःचा आग्रह कायम राहिला तो हाच, की माझं नाटक वास्तववादी पद्धतीने, गंभीरपणे करा. तुमचं नेपथ्यही म्हणूनच साधं घरच दिसू द्या. वाकड्या भिंती, जांभळा प्रकाश, विचित्र मेकअप असलं काही आलं की प्रेक्षक म्हणतो, हे आपल्या जगातलं नाही. मग त्याला लागायचा प्रश्नच येत नाही.

आता महोत्सवाचा प्रेक्षक. तो तुम्हाला ओळखत नाही. तुमच्या आधी त्याने एक-दोन नाटकं पाहिलेली असतात, तुमच्यानंतरचं तिकीट खिशात असतं. डोकं जड, खुर्ची बरी-वाईट. मात्र तो मुद्दाम वेगळं बघायला आलेला असतो, हे विसरू नका. या तऱ्हेच्या महोत्सवांचं मूळच तसं आहे. १९४७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या अधिकृत महोत्सवात ज्यांना बोलावणं नव्हतं अशी आठ मंडळं आपणहून तिथे पोचली आणि बाजूला प्रयोग लावून मोकळी झाली. 'फ्रिंज' उभी राहिली ती त्यातून. त्यामुळे "लोकांना झेपेल का" ही काळजी तुमच्या ग्रुपने जरा कमी करावी. या प्रेक्षकाला झेपतं. त्याला कंटाळा झेपत नाही.

अडचण असते ती हसायच्या परवानगीची. तुमच्या नाटकाचा सूर काय आहे हे अनोळखी माणसाला ठाऊक नसतं, शेजारी बसलेलाही अनोळखी, आणि समोर प्रेत. कुणीतरी पहिलं हसेपर्यंत सगळे दबून बसतात. म्हणून पहिल्या तीन-चार मिनिटांत एक निर्धोक हशा हवाच, मृत्यूशी संबंध नसलेला. भावांचं चार्जरवरून भांडण चालेल. त्यानंतर लगेच एक हशा असा, ज्यात प्रेताला ओझरता स्पर्श होतो. ही पायरी गाळून थेट जहाल विनोदावर उडी मारली की पुढची वीस मिनिटं प्रेक्षकाला परत जिंकण्यात जातात, आणि तासाभराच्या नाटकात वीस मिनिटं म्हणजे फार झाली.

बसण्याची व्यवस्था हा विषय दिग्दर्शक सहसा व्यवस्थापकावर सोडून देतात. सोडू नका. रॉबर्ट प्रोवाइन या हसण्याच्या अभ्यासकाला आढळलं होतं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या जवळजवळ तीसपट चारचौघांत हसतो. महोत्सवात सभागृहं अर्धी रिकामी असतात आणि लोक एकेक खुर्ची सोडून बसतात. त्या रिकाम्या खुर्च्या हशा गिळतात. दारावरच्या स्वयंसेवकांना सांगून मागच्या रांगा दोरी लावून बंद करा, लोकांना मध्यभागी, पुढे, खांद्याला खांदा लागेल असं बसवा. चाळीस माणसं चिकटून बसली की हशा भरघोस येतो, शंभर विखुरली तर येत नाही. माझ्या मते दोन जास्तीच्या तालमींपेक्षा याचा उपयोग जास्त.

धक्क्यावर सगळी भिस्त ठेवू नका. पॅरिसमध्ये १० डिसेंबर १८९६ रोजी फ्रेंच नाटककार आल्फ्रेड जारीच्या 'उबू र्वा'चा पडदा उघडला आणि पहिल्याच शब्दाला सभागृहात गोंधळ माजला, कारण तो शब्द एका शिवीत एक अक्षर जास्त घालून केलेला होता. नाटकाच्या इतिहासात ती रात्र कायमची नोंदली गेली. पण तसा धक्का एकदाच बसतो. महोत्सवात दुसऱ्या प्रयोगाला येणाऱ्या निम्म्या लोकांनी कॅन्टीनच्या रांगेत सगळं ऐकलेलं असतं. ऐकूनही जो प्रसंग चालतो तोच खरा. फोनचा प्रसंग माहीत असूनही लोक पुन्हा त्याच जागी हसतात आणि पुन्हा त्याच जागी गप्प होतात.

दाखवण्याच्या बाबतीत हात आखडता ठेवलेला चांगला. विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे'ची गोष्ट मराठी नाटकवाल्यांना पाठ असते : पातळावरचा रक्ताचा लाल डाग परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, आक्षेपार्ह ठरवला, तेव्हा डॉ. श्रीराम लागू आणि मंडळींनी तो निळा केला, आणि प्रयोगाआधी जाहीर करून टाकलं की हा डाग लाल समजावा. ते नाटक कॉमेडी नव्हे, पण धडा आपल्या कामाचा आहे. प्रेक्षकाच्या डोक्यातला लाल रंग कुठल्याही रंगाच्या बाटलीत मिळत नाही. शिवाय व्यावहारिक भाग असा की महोत्सवात दोन प्रयोगांच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात सेट काढायचा, स्टेज पुसायचं आणि पुढच्या मंडळाला द्यायचं. नकली रक्त सांडलं तर ते चिकट असतं, निसरडं असतं आणि पुढच्या मंडळाच्या शिव्या खाव्या लागतात. रक्त विंगेत सांडू द्या, रंगमंचावर त्याचा आवाज आणि पुसणाऱ्या माणसाचा चेहरा पुरे.

विनोद कुणावर आहे, हे मात्र प्रत्येक विनोदाला विचारा. संहिता घेऊन बसा आणि प्रत्येक हशाच्या जागेपुढे लिहा : इथे कोण उघडं पडतंय? मेलेला, दुबळा किंवा सभागृहात हजर नसलेला माणूस उघडा पडत असेल तर तो विनोद काढा, आणि काढताना हळहळू नका. तुमचा ग्रुप ज्याला जहाल म्हणतोय त्यातले असे दोन-चार निघतीलच. जिवंत, हावरी, स्वतःला सज्जन समजणारी माणसं उघडी पडत असतील तर ठेवा, कितीही बोचलं तरी. तो प्रेक्षक तिकीट काढून समोरच बसलेला असतो.

महोत्सवाच्या पत्रकात आणि दारावर पूर्वसूचना जरूर लावा : मृत्यूचं चित्रण आहे, शिवराळ भाषा आहे, गोळीचा आवाज आहे, जे असेल ते. काही दिग्दर्शकांना वाटतं यामुळे मजा जाते. मला नाही वाटत. आदल्याच आठवड्यात ज्याच्या घरी कुणी गेलंय त्याला निवड करता येते, आणि बाकीचे थोडे सरसावून बसतात, ते आपल्याला हवंच असतं. खोटं पिस्तूल वगैरे असेल तर आयोजकांच्या तांत्रिक माणसाला आधी लेखी कळवा. ऐन प्रयोगाच्या दिवशी ते जप्त झालं की बोट रोखून "ठॉ" म्हणायची पाळी येते. तेही कधी कधी जास्त विनोदी होतं म्हणा.

प्रेक्षक उठून जाण्याबद्दल : जातील. काही नाराज होऊन जातील, काही पुढचं नाटक गाठायला, काही नुसते लघवीला. रंगमंचावरून तिघांची पाठ सारखीच दिसते, त्यामुळे नटांना आधीच बजावून ठेवा की अर्थ काढत बसू नका. गडबड होते ती तेव्हाच. दोन माणसं उठली की नट घाबरून आवाज चढवतो, विनोद अधोरेखित करायला लागतो, आणि मग मात्र आणखी दहा जण उठतात. चर्चासत्रात कुणी खवळून विचारलं, "यातून तुम्हाला काय सांगायचंय?" तर नाटकाचं समर्थन करत बसू नका. कुठल्या जागी खटकलं ते विचारा आणि लिहून घ्या. तीच जागा दोन-तीन प्रयोगांत वेगवेगळ्या लोकांनी सांगितली तर तिथलं टायमिंग तपासा, विषय नको.

राहता राहिलं प्रेत. 'लूट'ला ब्रिटनच्या लॉर्ड चेंबरलेनने, म्हणजे नाटकं तपासणाऱ्या राजदरबारी अधिकाऱ्याने, परवानगी देताना प्रेतासाठी जिवंत माणूस नको, डमीच हवी असं बजावलं होतं (नाटकांवरची ती सेन्सॉरशिप १९६८ साली गेली). आपल्याला असं बंधन नाही आणि मी जिवंत नटच घ्या म्हणेन, कारण डमीचा हात हातात धरला की तो हात वाटत नाही. पण तो नट नीट निवडा. खुर्ची प्रेक्षकांना तिरकी ठेवा, अंगावर सैल स्वेटर किंवा शाल द्या, पोट झाकलं जाईल असं बघा. श्वास घ्यायच्या जागा तालमीत ठरवून द्या : दुसरं कुणी चालत असेल, दार वाजत असेल, हशा चालू असेल तेव्हा. डोळे मिटलेलेच ठेवा, उघड्या डोळ्यांचं प्रेत पापणी लवणार म्हणजे लवणारच. खोकल्याची गोळी गालात असू द्या.

आणि नमस्काराला त्याने उठायचं की नाही, यावरून मंडळात भांडणं होतात. शेवटपर्यंत खुर्चीतच बसून राहिलं तर फार परिणामकारक वाटेल असं एक जण हटकून सुचवतो. माझं मत विचाराल तर त्याला सगळ्यांच्या आधी उठवा, स्वेटर झटकू द्या आणि बिनधास्त पुढे येऊ द्या. तासभर अंग आखडून बसलाय बिचारा, आणि पंधरा मिनिटांत स्टेज रिकामं करायचं असतं तेव्हा खुर्ची त्यालाच उचलायची असते.