वाचकांचे प्रश्न : पुढचा मॅनेजर कोण?

प्रश्न : इंग्लंडमध्ये एखाद्या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरला नारळ मिळाला की तिथल्या बुकींचे भाव आमच्या ग्रुपवर फिरायला लागतात. रात्री 10/1 असलेलं नाव सकाळी 1/2 वर दिसतं. म्हणजे आतली खबर कुणाला तरी लागलेली असते ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कधी लागलेलीही असते, पण ते भावावरून ओळखता येत नाही. आधी भाव वाचू. 10/1 म्हणजे एक पौंड लावला तर दहा नफा, शक्यता 11 त 1, साधारण 9 टक्के. 1/2 म्हणजे दोन लावले तर एक नफा, शक्यता 3 त 2, म्हणजे 67 टक्के. यादीतल्या सगळ्या नावांचे टक्के काढून बेरीज करा, ती शंभराच्या बरीच वर जाते. वरचा मलिदा बुकीचा.

आता एका रात्रीत भाव का कोसळतो? सामन्याच्या निकालावर लागतो तेवढा पैसा या बाजारात नसतोच. शिवाय माहितगार माणूसच पैसे घेऊन येईल या धास्तीनं बुकी लावायची रक्कमही आखडती ठेवतात. चार-दोन जणांनी एकाच नावावर पैसे लावले तरी बुकी भाव कापतो. कापलेल्या भावाची बातमी होते, ती वाचून आणखी लोक लावतात, भाव आणखी घसरतो. मूळ खबर काय होती, याचा पत्ता कुणालाच नसतो.

आणखी एक मेख बारीक अक्षरातल्या नियमांत असते. हंगामी, म्हणजे तात्पुरत्या, मॅनेजरनं सलग 10 सामने सांभाळले तर त्यालाच 'पुढचा मॅनेजर' धरायचं, असा नियम अनेक बुकींकडे असतो. त्यामुळे शोध लांबला की हंगामी माणसाचा भाव आपोआप उतरतो, क्लबनं काहीही ठरवलेलं नसलं तरी. आणि हो, आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्यानं बंदी आहे. तेव्हा भाव बघण्यापुरताच.

प्रश्न : रिलीज क्लॉजचे पैसे, म्हणजे करारातून मॅनेजर सोडवून न्यायची ठरलेली रक्कम, भरायला नवा क्लब तयार असतो, माणूसही तयार असतो. मग तो दुसऱ्या दिवशी मैदानावर का दिसत नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबचा तेव्हाचा कोच रूबेन अमोरिम याचं 2024 चं प्रकरण तारखांसकट बघा. मँचेस्टर युनायटेडनं 28 ऑक्टोबरला एरिक टेन हागला काढलं. दुसऱ्याच दिवशी लिस्बनच्या स्पोर्टिंगनं पोर्तुगालच्या शेअर बाजार नियामकाला कळवलं की युनायटेड 1 कोटी युरोचा क्लॉज भरायला तयार आहे. स्पोर्टिंगचे शेअर बाजारात असल्यामुळे हे कळवणं त्यांना भागच होतं. अफवांच्या गदारोळात असा एक कागद शंभर 'सूत्रांना' भारी पडतो. ज्याचं नाव चर्चेत आहे त्याचा सध्याचा क्लब शेअर बाजारात असेल, तर आधी तिकडची निवेदनं उघडा.

तरी घोडं अडलं, कारण क्लॉजला 30 दिवसांची पूर्वसूचना जोडलेली होती. पैसे भरले म्हणजे किंमत मिटते, मुदत नाही. ती कमी करून घ्यायला युनायटेडला आणखी सुमारे 10 लाख युरो मोजावे लागले, आणि तरीही स्पोर्टिंगनं त्याला तीन सामने ठेवून घेतलं. त्यातल्याच एकात स्पोर्टिंगनं मँचेस्टर सिटीला 4-1 असं लोळवलं. युनायटेडनं 1 नोव्हेंबरला नाव जाहीर केलं ते 'व्हिसाच्या अटींना अधीन राहून'. अमोरिम 11 नोव्हेंबरला रुजू झाला. मधले चार सामने हंगामी मॅनेजर रूड व्हॅन निस्टलरॉयनं काढले : तीन विजय, एक बरोबरी.

व्हिसाची ही अट नुसती औपचारिक नसते. 2021 पासून युरोपीय मॅनेजरलाही इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनची मान्यता लागते, आणि त्यासाठी वरच्या दर्जाच्या लीगमधला अनुभव मोजला जातो : सलग 24 महिने किंवा पाच वर्षांत मिळून 36. काल-परवा कोचिंगला लागलेल्या परदेशी माजी खेळाडूचं नाव चाहते हौसेनं घेतात, ते पुष्कळदा इथेच अडकतं. अमोरिम मार्च 2020 पासून स्पोर्टिंगमध्ये होता, त्याला ही अडचण नव्हती.

प्रश्न : लिव्हरपूलचा मॅनेजर क्लॉप जाणार म्हटल्यावर आम्ही सगळे चाहते झाबी अलोन्सोच येणार असं धरून बसलो होतो. अंदाज कुठे चुकला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जुना लाडका खेळाडू आणि त्याच वर्षी लेव्हरकुसेनला पहिली बुंडेसलिगा (जर्मनीची अव्वल लीग) जिंकून देणारा कोच! मोह होणारच. पण 29 मार्च 2024 ला त्यानं लेव्हरकुसेनमध्येच राहतो असं सांगितलं आणि बाजारातल्या तुरी बाजारातच राहिल्या.

खरी खूण त्याआधीच मिळाली होती. क्लॉपनं 26 जानेवारीला जाण्याचं जाहीर केलं, तेव्हा निवड कोण करणार हेच नक्की नव्हतं. मार्चमध्ये लिव्हरपूलचा आधीचा स्पोर्टिंग डायरेक्टर मायकेल एडवर्ड्स मालक कंपनीत परतला आणि रिचर्ड ह्यूजला स्पोर्टिंग डायरेक्टर नेमलं. निवडणारे आधी, निवड नंतर. खेळाडूंची खरेदी अशा माणसांच्या हाती असली की क्लब सर्वाधिकारी मॅनेजर शोधत नाही, ठरलेल्या चौकटीत संघ तयार करणारा कोच शोधतो. पदनामातही ते उतरलं : क्लॉप 'मॅनेजर' होता, 20 मे रोजी जाहीर झालेला आर्ने स्लॉट 'हेड कोच'. स्लॉटनं फेयेनूर्डला 2023 मध्ये डच लीग जिंकून दिली होती, तरी आपल्याकडच्या गप्पांत त्याचं नाव शेवटी शेवटी आलं. पुढच्याच हंगामात लिव्हरपूल विजेतं झालं, हा भाग वेगळा.

प्रश्न : आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) हे आडाखे चालतात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालतात, पण आधी मालक बघा. मुंबई सिटीचा बहुतांश हिस्सा मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीकडे, सिटी फुटबॉल ग्रुपकडे, असताना 2021 मध्ये डेस बकिंगहॅम आला, तो हंगामाच्या मध्यात ऑक्सफर्ड युनायटेडला गेल्यावर डिसेंबर 2023 मध्ये पेट्र क्राटकी आला. दोघंही त्याच ग्रुपच्या मेलबर्न सिटीत असिस्टंट कोच होते. तेव्हा स्पेनमधली मोठी नावं चघळणाऱ्यांनी ग्रुपच्या इतर क्लबांचे असिस्टंट चाळले असते, तर बरं झालं असतं.

भारतीय नाव घेताना एएफसी प्रो लायसन्स (आशियाई फुटबॉल संघटनेचा कोचिंगचा वरचा परवाना) आहे का ते तपासा, हेड कोचला ते किंवा त्या तोडीचं लागतंच. आणि क्लॉज इथेही असतात. डिसेंबर 2021 मध्ये एटीके मोहन बागाननं क्लॉज भरून हुआन फेरांडोला ऐन हंगामात एफसी गोव्यातून नेलं. गोव्याला बाहेर शोधायला सवडच नव्हती, त्यांनी घरच्याच डेरिक परेराच्या हाती संघ दिला.