नफा वाढला, पण श्रेय कुणाचं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे एका कंपनीचे शेअर्स आहेत. तिथे नवा सीईओ आला आणि दोन वर्षांत नफा जवळपास दुप्पट झाला. सगळे त्याला जादूगार म्हणतायत, माझा भाऊ म्हणतो निव्वळ नशीब. तुम्हाला काय वाटतं?

तुमच्या भावाचं म्हणणं मी लगेच उडवून लावणार नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं कंपन्यांच्या बाबतीत आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. लिबरसन आणि ओ'कॉनर या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९७२ साली १६७ मोठ्या कंपन्यांचे २० वर्षांचे आकडे तपासले, तर विक्री आणि नफ्यातला फरक मुख्यत्वे धंदा कुठला आणि कंपनी कुठली यावरूनच समजत होता, वर कोण बसलंय याचा वाटा त्यामानाने कमी. मार्जिनवर, म्हणजे विक्रीतल्या दर रुपयामागे नफा किती सुटतो यावर, मात्र माणसाचा परिणाम बऱ्यापैकी दिसला, म्हणजे अगदीच शून्य नाही. पुढे २००३ मध्ये बर्ट्रांड आणि शोअर यांनी एका कंपनीतून दुसरीत गेलेल्या मॅनेजर लोकांचा माग काढला आणि त्यात दिसलं की माणूस आपल्या सवयी सोबत घेऊन जातो, कुणाला कंपन्या विकत घ्यायची खोड, कुणाचा हात आखडता, कुणाला कर्जाचं वावडं.

पण सवय तीच आणि दुकान वेगळं, तर निकालही वेगळा लागू शकतो. जीई (जनरल इलेक्ट्रिक) या अमेरिकी कंपनीत सीईओ जॅक वेल्शनंतर कोण, या शर्यतीत हरलेले बॉब नार्डेली होम डेपो या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानसाखळीचे सीईओ झाले, त्यांच्या काळात विक्री जवळपास दुप्पट झाली पण शेअर काही हलेना, आणि जानेवारी २००७ मध्ये ते सुमारे २१ कोटी डॉलरचं पॅकेज घेऊन बाहेर पडले. विक्री दुप्पट होऊनसुद्धा शेअरहोल्डर नाराज, म्हणजे "दुप्पट" या शब्दावर किती भुलायचं ते बघा.

त्यामुळे आधी त्याच धंद्यातल्या बाकीच्या तीन-चार कंपन्यांचे तेच दोन वर्षांचे रिझल्ट काढा, सगळ्यांचाच नफा दुप्पट झाला असेल तर जादू हवामानाची. मग जाहिरात, संशोधन, मेंटेनन्स यावरचा खर्च छाटलाय का ते बघा, कारण यातून नफा पटकन फुगतो आणि बिल तीन-चार वर्षांनी येतं, तोवर साहेब कदाचित दुसरीकडे गेलेले असतात. आणि हो, नवा सीईओ आल्या आल्या पहिल्याच तिमाहीत जुनं सगळं सडकं राइट ऑफ करून, म्हणजे बुडीत म्हणून तोट्यात दाखवून टाकतो का हेही बघा, तोटा आधीच्याच्या नावावर जातो आणि पुढचं वर्ष आपोआप चकचकीत दिसतं. ही युक्ती फार जुनी आहे तरी दरवेळी चालते.

प्रश्न : बोर्डाची मीटिंग वर्षातून जेमतेम पाच-सहा वेळा होते. एवढ्यात हे लोक करतात तरी काय? चहा-बिस्किटं आणि सह्या?

काही बोर्डांत तेवढंच होतं, खोटं कशाला बोलू. पण बोर्डाने कंपनी चालवावी ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यांची खरी कामं मोजकी आहेत, सीईओ निवडणं, त्याचा पगार ठरवणं, वेळ आली की त्याला घरी पाठवणं, आणि एखादी मोठी कंपनी विकत घ्यायचा बेत समोर आला की "थांबा जरा" म्हणणं. वर्षानुवर्षं यातलं काहीच करायची वेळ येत नाही आणि मग एक दिवस येते, आणि त्या एका दिवसावर पुढची दहा वर्षं ठरतात.

अडचण अशी की ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याकडूनच माहिती मिळते. मीटिंगच्या दोन दिवस आधी शेकडो पानांचा गठ्ठा येतो, कुठलं पान वर ठेवायचं हे मॅनेजमेंटनेच ठरवलेलं, मग नामवंत माणसंसुद्धा नंदीबैल होतात. हिशेबातल्या घोटाळ्याने बुडालेली अमेरिकेतली ऊर्जा कंपनी एन्रॉन आठवतेय ना? बोर्डाच्या ऑडिट कमिटीचे, म्हणजे हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या समितीचे, अध्यक्ष अकाउंटिंगचे प्राध्यापक, तेही स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचे माजी डीन. म्हणजे कागदावर याहून चांगली कमिटी मिळणं कठीण. याच बोर्डाने १९९९ मध्ये कंपनीचा आचारसंहितेचा नियम बाजूला ठेवून सीएफओ (वित्तप्रमुख) अँड्र्यू फास्टो यांना एन्रॉनशीच व्यवहार करणारी पार्टनरशिप चालवायची परवानगी दिली आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिथे ज्ञान कमी पडलं नव्हतं, "हे आपल्याला का हवंय?" हा साधा प्रश्न कुणी शेवटपर्यंत ताणून धरला नाही.

म्हणूनच स्वतंत्र डायरेक्टर (कंपनीत नोकरी किंवा हितसंबंध नसलेले, बाहेरचे) किती टक्के, या आकड्याचा आणि कंपनीच्या नफ्याचा सरळ संबंध अभ्यासांत सापडत नाही. पण कामगिरी खालावल्यावर सीईओला काढायची वेळ आली की बाहेरच्यांचं बहुमत असलेली बोर्डं जास्त हलतात, हे वाइसबाख यांनी १९८८ मध्ये दाखवलंय. आणि नशिबाच्या पैशाबद्दल एक गंमत, २००१ मध्ये बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांनी तेल कंपन्यांचे पगार तपासले तर तेलाचा भाव चढला की सीईओचा पगारही चढतो असं निघालं, आता भाव काय त्यांनी वाढवला? बोर्डावर मोठा शेअरहोल्डर बसलेला असेल तर ही उधळपट्टी कमी होते. स्वतःच्या खिशातून जातंय म्हटलं की माणूस जागा राहतो.

प्रश्न : चेअरमन आणि सीईओ एकच व्यक्ती असावी का?

माझं मत, नसावी. चेअरमन हा सीईओवर नजर ठेवणाऱ्या बोर्डाचा प्रमुख. स्वतःच पेपर लिहायचा आणि स्वतःच तपासायचा, हे मला पटत नाही. पण नुसत्या खुर्च्या वेगळ्या केल्या की नफा वाढतो असा पुरावा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जेपी मॉर्गनमध्ये जेमी डायमन यांनी वर्षानुवर्षं दोन्ही पदं सांभाळली आणि बँक उत्तम चालली. उलट बोईंगने दोन ७३७ मॅक्स विमानं पडून ३४६ माणसं गेल्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये पदं वेगळी केली आणि डिसेंबरमध्ये सीईओलाच जावं लागलं. गळती लागल्यावर छप्पर शाकारण्यातला प्रकार.

प्रश्न : माझे फक्त ५० शेअर्स आहेत. माझ्यासारख्याने वार्षिक अहवालात काय बघायचं?

पहिली गुळगुळीत फोटोंची पानं सोडून द्या, सीईओला मिळालेल्या पुरस्कारांचीसुद्धा. माल्मेंडियर आणि टेट यांच्या २००९ च्या अभ्यासात असं दिसलं की मोठे पुरस्कार मिळाल्यावर सीईओंचे पगार वाढतात आणि कंपन्यांची कामगिरी मागे पडते, साहेब पुस्तकं लिहायला आणि दुसऱ्यांच्या बोर्डांवर मिरवायला मोकळे होतात ना.

तुम्ही मागची बारीक अक्षरं वाचा, कोण डायरेक्टर किती मीटिंगना हजर होता, तो अजून किती बोर्डांवर आहे (चार-पाच असतील तर त्याला तुमच्या कंपनीचं नाव आठवतं हेच खूप), प्रमोटरच्या नातेवाइकांच्या कंपन्यांशी व्यवहार किती, आणि मुदतीआधी कुणी "वैयक्तिक कारणांमुळे" राजीनामा दिलाय का. एक गेला तर ठीक, पण ऑडिटर आणि डायरेक्टर पाठोपाठ गेले तर मी स्वतः शेअर्स विकून मोकळा होतो, कारण विचारत बसत नाही.

एजीएमला (शेअरहोल्डरांच्या वार्षिक सभेला) बोलायची संधी मिळाली तर एकच विचारा, उद्या सीईओ आलेच नाहीत तर कोण? एप्रिल २००४ मध्ये मॅकडॉनल्ड्सचे सीईओ जिम कँटालुपो अचानक वारले, बोर्डाने त्याच दिवशी चार्ली बेल यांचं नाव जाहीर केलं. काही आठवड्यांतच बेल यांना कॅन्सर असल्याचं कळलं, नोव्हेंबरमध्ये त्यांनी पद सोडलं, तेव्हाही जिम स्किनर यांचं नाव लगेच आलं. तुमच्या प्रश्नावर मंचावरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले तर समजा की नाव ठरलेलं नाहीये.