वीज गेल्यानंतर वॉशिंग मशीन पूर्ण बंद पडले आहे. कंट्रोल बोर्डच खराब झाला असे समजावे का?

लगेच तसे समजू नये. टॉप लोड मशीनचा एकही दिवा लागत नसेल, तर सॉकेट आणि वायर ठीक आहेत का, बोर्डापर्यंत २३० व्होल्ट पोहोचतात का, हे प्रथम मल्टिमीटरने पाहावे. त्यानंतर प्लग काढून बोर्डावरील फ्यूज तपासावा. तो उडालेला असेल आणि शेजारचा चकतीसारखा व्हॅरिस्टर तडकलेला किंवा काळवंडलेला दिसत असेल, तर वाढीव व्होल्टेजचा फटका बहुधा त्यानेच झेललेला असतो. असे दोन्ही भाग त्याच रेटिंगचे नवे बसवावेत. फ्यूजच्या जागी तार मात्र कधीही जोडू नये.

दुरुस्तीनंतर बोर्ड थेट विजेवर न लावता ६० वॅटचा साधा (तारेचा, एलईडी नव्हे) बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या एका वायरच्या मधोमध, घेऊन चालू करावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटत राहिला तर शॉर्ट अजून शिल्लक आहे. बोर्डावरील मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असते व प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकते, त्यामुळे तेथील मोजमाप अनुभव नसलेल्याने करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तेथे व्होल्टेज असूनही पुढे १२ आणि ५ व्होल्ट मिळत नसतील, तर दोष पॉवर सप्लायमध्ये आहे.

दिवे लागतात पण फक्त पाणी येत नाही, अशा वेळी आधी पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध मोजावा, कारण कॉइल शॉर्ट असेल तर ट्रायॅक (व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा बोर्डावरील इलेक्ट्रॉनिक स्विच) नवा बसवला तरी पुन्हा जळतो.