पट्टी रात्री बघ
रस्त्यावर आखलेल्या, दुपारी पांढरीशुभ्र दिसणाऱ्या पट्टीवर भाळू नकोस, तिची परीक्षा रात्री, तीही पावसात. थर्मोप्लास्टिकच्या, म्हणजे तापवून वितळवलेल्या आणि थंड झाल्यावर घट्ट होणाऱ्या मिश्रणाच्या पट्टीत काचेचे बारीक मणी असतात. हेडलाइटचा उजेड ते चालकाकडे परत फेकतात. मणी साधारण अर्धे बुडालेले हवेत. जास्त बुडाले तर उजेड परतत नाही, कमी बुडाले तर टायरखाली निघून जातात. परतणारा उजेड मोजणारं यंत्र 30 मीटर पुढची पट्टी चालकाला कशी दिसेल, ते धरून आकडा देतं. आधी धूळ झाड, आणि चाकं जातात तिथेही मोज. कडेची न झिजलेली जागाच मोजून मी एकदा तोंडघशी पडलोय. इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) मानकं, पट्ट्यांसाठी आयआरसी:35 आणि रस्त्यावरच्या फलकांसाठी आयआरसी:67, जवळ ठेव. आणि झेंडा घेऊन वाहतूक थांबवणारा माणूस सोबत नसेल तर रस्त्यावर उतरूच नकोस.